अडुसष्ट किलो ज्वारी

बैलांमध्ये लंपीचा आजार आला नसता, तर सत्यशीलेनं उभ्या जन्मात कुठल्या शर्यतीत गाडी घातली नसती. शर्यत लांबच राहिली, रस्त्यात कोंबडी आडवी आली तर ती पलीकडं पोचून, दोन दाणे टिपून, मागं वळून बघेपर्यंत गाडी थांबवून धरणारी ती बाई. पण त्या साली युसूफ वडगावच्या गायरानात शंकरपटाची सगळी तयारी झाली होती. बैल पळायचा पट रोलर फिरवून सरळ केलेला, सेकंदाचे तुकडे मोजणारं यंत्र भाड्यानं ठरलेलं, मंडपवाल्याला विसार गेलेला, आणि वरून आदेश आला की जनावरं एका जागी जमवायची नाहीत. समितीचे अध्यक्ष विजयसिंहदादा. पटाच्या दिवशीच त्यांचा वाढदिवस, आणि त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याचे फलक थेट नांदूरघाटापर्यंत लागून गेलेले. बैल पुढं ढकलता येतात, वाढदिवस येत नाही. तेव्हा बैल नाहीत तर गाड्या पळवू, असं ठरलं.

पोलिसांनी सांगितलं की वेगाची शर्यत होणार नाही. इथं सत्यशीलेचा धाकटा दीर युवराज कामाला आला. त्याचा बराचसा दिवस मोबाईलमध्ये अमेरिकेत जात असे. तिकडं म्हणे लोक ब्रॅकेट रेसिंग नावाचा प्रकार खेळतात आणि त्यात वेगाला किंमतच नाही. आपली गाडी पट किती सेकंदांत पार करील ते प्रत्येकानं आधी सांगायचं. गाड्या जोडीनं पळतात, पण जिची वेळ जास्त, तिला फरकाचे सेकंद आधी सोडायचं. दोघांनी आपापला शब्द पाळला तर दोघंही रेघेवर एकदमच पोचणार. पुढं पोचेल तो जिंकला, मात्र सांगितल्यापेक्षा लवकर पोचला तर बाद. म्हणजे जास्त पळाला तो हरला. ज्या शर्यतीत जास्त पळणं हाच गुन्हा, तिला कुठलं कलम लावावं हे फौजदारसाहेबांना सुचेना, म्हणून त्यांनी परवानगी दिली.

हे सगळं सत्यशीला भाकरी थापता थापता ऐकत होती. तिला एकदम अंबाजोगाईच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आठवली. ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडायचं, रंग पालटला की थांबायचं आणि तीन वाचनं सारखी आणून दाखवायची. एक थेंब जास्त पडला की सगळं मोरीत. वर्गात तिचा हात सगळ्यांत हळू चालायचा आणि वाचनं मात्र तिचीच जुळायची. बी.एस्सी.ला मिळालेल्या या एका कौतुकाचा संसारात आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता.

उपयोग व्हायची गरज मात्र पडली होती. तिची मुलगी धनश्री, घरातली धनू, साडेतीन वर्षांची. जूनपासून तिला अंबाजोगाईच्या शाळेत छोट्या गटात घालायचं होतं, आणि गावातली सगळी पोरं जायची ती एका व्हॅनमधून. ती व्हॅन सत्यशीलेनं एकदा स्टँडवर उभं राहून नीट न्याहाळली. एका खिडकीतून बाहेर आलेले पाय तिनं मोजले. सात भरले. पायांची संख्या विषम का यावी, या विचारानं तिला पुढं दोन दिवस झोप लागली नाही. आठवा पाय कुठं होता?

तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की धनूला आपणच गाडीनं न्यायचं आणि आणायचं. गाडी दारात होती. नवऱ्यानं, भारतनं, अंबाजोगाईच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून स्वस्तात घेतलेली जुनी मारुती. कधीकाळी पांढरी असावी, आता रंग चहा पिणाऱ्याच्या दातासारखा. लायसन होतं. नव्हता तो घरच्यांचा विश्वास. कारण शिकायच्या दिवसांत तिनं गाडी मागं घेताना सासूबाईंची वाळवणाची बाज कुरडयांसकट जमीनदोस्त केली होती. त्या घटनेला घरात असा मान होता की लोक तिच्यावरून काळ मोजत. युवराजची बारावी बाज मोडली त्या साली झाली, आणि म्हैस व्याली ती बाज मोडल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात.

सासरे अर्जुनराव माजी सरपंच. कुठलाही प्रश्न आला की ते थेट नाही म्हणत नसत, अट घालत. त्या रात्री जेवताना सत्यशीलेनं पुन्हा शाळेचा विषय काढला, युवराज हसला आणि म्हणाला की वहिनी गाडी चालवायला लागल्या की मागं बैलगाड्यांची रांग लागते. अर्जुनरावांनी ताटावरून हात उचलून निकाल दिला.

"पटात घाल गाडी. सगळ्या गावाम्होरं पहिल्या दोनात ये. मग पोरगी तुझी, गाडी तुझी. न्हाई आलीस तर व्हॅन."

त्यांना वाटलं होतं, विषय मिटला. सत्यशीलेलाही तसंच वाटत होतं. पण तिच्या तोंडून "बरं मामा" गेलं, आणि ते तिनं स्वतःच ऐकल्यावर तिच्या हातातली आमटीची वाटी भारतच्या मांडीवर सांडली.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज भरायला गेली. पटाची परवानगी बैलांच्या नमुन्यावर आधीच मंजूर झालेली, आणि मंजूर नमुना बदलायचा तर पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरवावा लागणार, म्हणून समितीनं गाड्यांसाठीही तोच अर्ज ठेवला होता. बैलाचे नाव, वर्ण, दात, शिंगांचा प्रकार, कानातील बिल्ल्याचा क्रमांक. सत्यशीलेनं बिल्ल्याच्या जागी चासी नंबर लिहिला. दातांच्या जागी बराच विचार करून "जुळलेले" लिहिलं. शिंगांच्या रकान्यात ती अडली, तर समितीच्या माणसानं सांगितलं की बाजूचे दोन आरसे धरा. खाली पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची सही लागत होती. डॉक्टर भला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली आणि "सदर जनावरास लंपीची लक्षणे आढळून आली नाहीत" असं लिहून शिक्का मारला. मग हळूच म्हणाले की मागचं डावं पाऊल जरा लंगडतंय, ख्वाजाला दाखवा.

ख्वाजा मिस्त्रीचं गॅरेज फाट्यावर. त्याला इंजिनातलं जेवढं कळायचं त्याच्या दुप्पट त्याला बोलायला यायचं. गाडी शर्यतीत उतरणार म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. सायलेन्सर काढू, मागची सीट काढू, टपावर पंख बसवू, असं तो बोटं मोडत सांगायला लागला. सत्यशीलेनं त्याला परोपरीनं समजावलं की गाडी वेगानं जायला नको, दरवेळी सारखी जायला हवी. ख्वाजा तिच्याकडं असा बघत राहिला, जणू कुणी न्हाव्याला सांगावं की केस कापू नका, फक्त मोजा.

"ताई, गाडी हाय ही," तो शेवटी कळवळून म्हणाला. "घड्याळ न्हाई."

तरी त्यानं केलं. प्लग साफ केले, चारही चाकांत सारखी हवा भरली, कार्ब्युरेटर धुतला आणि लंगडं चाक सरळ केलं. सायलेन्सरला मात्र त्यानं तिच्या नकळत एक छोटं भोक पाडलंच. कारागिराची हौस. त्यामुळं गाडी गल्लीतून निघाली की आधी म्हशीला आणि मग गावाला कळायचं.

रोज संध्याकाळी गायरानातल्या पटावर सराव सुरू झाला. आता तिला एकटीला गाडी कोण देणार? म्हणून सासूबाई साखराबाई मागच्या सीटवर, आणि साखराबाई आहेत म्हणून धनू त्यांच्या मांडीवर. भारत पलीकडच्या टोकाला मोबाईलचं घड्याळ घेऊन उभा. पहिले दोन दिवस त्यानं बायकोऐवजी जवळून गेलेल्या दुधाच्या टेम्पोची वेळ घेतली, हे सोडलं तर काम चोख. सत्यशीला ठरल्या पद्धतीनं जायची. अर्धी टाकी पेट्रोल, काच दोन बोटं खाली, दार चार वेळा लावून बघायचं, मनात धनूचं नाव घ्यायचं आणि क्लच सोडायचा. तिसरा गिअर पडून इंजिन गुणगुणायला लागलं की मागून साखराबाईंचा हात खांद्यावर यायचा. "हळू गं बाई, लेकरू हाय गाडीत." हे त्या गाडीत बसल्यापासून आजवर दरवेळी म्हणत आल्या होत्या. सत्यशीलेला ते आता ऐकूही येत नसे, जसं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

आणि वाचनं जुळायला लागली. तेहेतीस, पुन्हा तेहेतीस, पुन्हा तेहेतीस. पोरं सायकलवरून तिच्या बाजूनं पुढं निघून जात आणि वळून हात हलवत, पण तेहेतीस म्हणजे तेहेतीस. तिनं अर्जातला रिकामा ठेवलेला वेळेचा रकाना भरला, तेहेतीस सेकंद. युवराजनं त्याच्या मित्राची मोठी काळी गाडी आणली होती, तिची वीस लिहिली. शेजारच्या सुंदरकाकू सराव बघायला नेमानं येत. त्यांचं म्हणणं पडलं की गाडीला काळा दोरा नाही म्हणून ती रेंगाळते. दोरा बांधून झाल्यावरही तेहेतीसच आले, तर काकू म्हणाल्या, बघ, दोऱ्यानं धरून ठेवलं.

मग नियमांचा कागद आला. गाडीत चालकाशिवाय दुसरं माणूस नको, सामान चालेल.

सत्यशीलेचे तेहेतीस सेकंद सासूबाईंसकटचे होते. मुलीचं वजन ते काय, चिमणीएवढं, ते तिनं सोडून दिलं. पण सासूबाई जर पटाच्या दिवशी उतरल्या, तर गाडी हलकी होऊन पळणार आणि बाद होणार. म्हणजे त्यांच्याएवढं वजन मागं ठेवायला हवं. त्यासाठी ते किती आहे ते कळायला हवं. आणि त्यासाठी सासूबाईंना विचारायला हवं. शिकलेल्या बाईला हे तीन टप्प्यांत उमगलं, आणि तिसऱ्यावर ती दोन दिवस अडकून पडली.

शेवटी भारतनं, आईला कापडाच्या दुकानात नेतो असं सांगून, मोंढ्यात, धान्याच्या आडतीवर नेलं. साखराबाईंनी काट्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि सुनेकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्या एवढंच म्हणाल्या की बाईचं वजन बघायचं ते तिच्या कामावरून, सोयाबीनच्या काट्यावर नव्हे. पण चढल्या. काट्यावरच्या हमालाला आकडा मोठ्यानं ओरडायची सवय, कारण शेतकरी लांब उभा असतो. तो पोत्याच्या हिशोबानं "अडुसष्ट" असा ओरडला, आणि मोंढ्यातल्या झाडून सगळ्या बैलगाड्या, टेम्पो, चहावाले यांना ती माहिती पोचली. आडत्यानं, ओल आणि मातीपोटी जो कडता नेहमी कापायचा, तो सवयीनं इथंही कापला आणि चिठ्ठीवर सहासष्ट लिहिलं. साखराबाई संध्याकाळपर्यंत सुनेशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या की त्या मेल्यानं कडता कापला ते एक बरं केलं.

घरच्या ज्वारीचा एक कट्टा आणि वर एक पिशवी, असं सहासष्ट किलो मागच्या सीटवर ठेवून ख्वाजानं पट्ट्यानं आवळलं. सराव झाला. बत्तीस. कडत्याची गोष्ट लक्षात येऊन सत्यशीलेनं दोन किलो ज्वारी वाढवली आणि समितीकडं अर्जात तशी नोंदही केली. पुन्हा बत्तीस, मग साडेबत्तीस, मग एकतीस. वाचनं फाटली. तिनं चाकांची हवा तपासली, पेट्रोल मोजलं, ज्वारी सीटवर डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली. ख्वाजा म्हणाला, ज्वारीला आत्मा नसतो. सुंदरकाकू म्हणाल्या, दोरा सोड. वेळ बदलून मागावी म्हणून ती समितीकडं गेली, तर विजयसिंहदादांनी हात जोडून सांगितलं की चिठ्ठ्या निघाल्या, आता सांगितलेली वेळ म्हणजे दिलेला शब्द, आणि पहिल्याच फेरीत तुमची जोडी युवराजशी आहे.

त्या रात्री तिला स्वप्न पडलं. व्हॅनच्या खिडकीतून सात पाय बाहेर आले होते आणि आठवा धनूचा होता.

पटाच्या दिवशी गायरानात माणूस मावत नव्हतं. उसाच्या रसाचे गाडे, खेळणीवाले, पाळणा, आणि कर्ण्यावर विजयसिंहदादांना दीर्घायुष्य चिंतणारे एकामागोमाग एक. साखराबाईंनी सकाळी गाडीची पूजा केली, आणि घरातलं धान्य उंबऱ्याबाहेर निघतंय म्हणून रीतीप्रमाणे ज्वारीच्या कट्ट्यालाही हळदकुंकू वाहून वर एक फूल ठेवलं. सत्यशीलेनं गाडी रांगेत लावली, दार चार वेळा लावलं, आणि धनूला भारतकडं देऊन हेल्मेट आणायला ख्वाजाकडं गेली. तेवढ्यात कर्णा बोलला.

"माजी सरपंच अर्जुनराव यांच्याकडून महाप्रसादासाठी एक कट्टा ज्वारी. समिती आभारी आहे."

ती पळत आली तोवर मागची सीट रिकामी होती. महाप्रसादाचं धान्य गोळा करणारी पोरं मंडपाच्या बाजूनं हातगाडी घेऊन फिरत होती. त्यांना उघड्या काचेतून कट्टा दिसला. कट्ट्यावर हळदकुंकू, फूल. असा कट्टा देवाला दिलेला नसतो तर कुणाला दिलेला असतो? त्यांनी तो भक्तिभावानं उचलला, पिशवीही उचलली, आणि सीटवर पत्रावळीत चिमूटभर साखर ठेवून गेली.

परत मागायची सोय नव्हती. कर्ण्यावरून जाहीर झालेलं दान परत घेणं म्हणजे अर्जुनरावांनी पुढच्या सात पिढ्यांची निवडणूक घालवणं. ते मंडपात पहिल्या रांगेत बसून हार स्वीकारत होते आणि आपण ज्वारी कधी दिली ते आठवत होते. भारत दुसरा कट्टा आणायला घरी जातो म्हणाला, पण पुकारा झाला होता. युवराजची काळी गाडी रेघेवर येऊन घुरघुरत होती. सत्यशीला हेल्मेट हातात धरून उभी राहिली आणि तिला रडूसुद्धा वेळेवर येईना.

साखराबाई धनूला भारतच्या कडेवर ठाकठीक करून आल्या. पदर खोचला, मागचं दार उघडलं आणि बैलगाडीत बसावं तशा सीटवर मांडी घालून बसल्या.

समितीची माणसं धावली. माणूस बसवता येत नाही, नियम आहे, मावशी उतरा.

"सामान चालतं ना?" साखराबाईंनी विचारलं.

सामान चालतं, ते म्हणाले.

"मग पोतं चालतं आन मी कावून न्हाई चालत? माझं वजन आडतीवर झालंय. अडुसष्ट. मोंढ्यात कुणालाबी इचारा."

मंडपात हसू उसळलं. चार-पाच जणांनी हात वर करून साक्षही दिली की होय, अडुसष्टच, आम्ही ऐकलंय. सत्यशीलेनं खाली वाकून कानाशी सांगितलं की आत्याबाई, असं चारचौघांत नको, सामान म्हणतील तुम्हाला. साखराबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. समोर बघत, फक्त तिला ऐकू जाईल एवढंच बोलल्या.

"म्हणू दे. त्या व्हॅनच्या खिडकीतले पाय म्या बी मोजलेत."

सत्यशीलेला विचारायचं होतं की किती भरले. पण समितीची माणसं मध्ये आली.

विजयसिंहदादा पेचात पडले. वाढदिवसाला एका म्हातारीला गाडीतून ओढून काढलं असा व्हिडिओ फिरला असता. त्यांनी अर्ज मागवला. "बैलासोबतचे साहित्य" या रकान्यात "ज्वारी, ६८ किलो" लिहिलेलं होतं. ज्वारी खोडून वर "साखराबाई" लिहिलं गेलं, वजन तेच राहिलं. खाडाखोडीला अधिकाऱ्याची सही लागते, आणि पशुवैद्यकीय डॉक्टर मंडपात बुंदी खात होते. त्यांनी डाव्या हातानं सही केली. ख्वाजानं आपलं हेल्मेट साखराबाईंच्या पदरावरून बसवलं, पट्टा आवळला आणि म्हणाला, अम्मा, आता पंखाची गरज न्हाई.

हिरवा झेंडा पडला तो आधी सत्यशीलेसाठी. तिच्या आणि युवराजच्या वेळेत तेरा सेकंदांचा फरक, तेवढं ती एकटी पटावर. क्लच, पहिला, दुसरा. दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती आणि मध्ये ख्वाजानं भोक पाडलेल्या सायलेन्सरचा फाटका आवाज. मग मागून दुसरा आवाज आला. आरशात काळी गाडी दिसली, खिसमिसाएवढी, लगेच लिंबाएवढी, मग नारळाएवढी. सत्यशीलेला सगळ्या अंगानं एकच सांगितलं, पळ. गावचा आवाज, युवराजचा हॉर्न, मामांची अट, व्हॅन, आठवा पाय, सगळं एका पायाच्या अंगठ्यात उतरलं आणि अंगठा दाबायला निघाला. तिनं तिसरा टाकला. इंजिन गुणगुणलं.

खांद्यावर हात आला. "हळू गं बाई, लेकरू हाय गाडीत."

पाय आपोआप उचलला गेला. जेवढा रोज उचलला जायचा तेवढाच.

आणि त्याच क्षणी सत्यशीलेतली बी.एस्सी. झालेली बाई टुणकन उठून बसली. कडता नव्हता, हवा नव्हती, दोराही नव्हता. पोतं हळू म्हणत नाही. एवढंच होतं. तो एक सेकंद वजनाचा कधीच नव्हता. आठ दिवस ती ज्वारी डावीउजवीकडं सरकवत बसली होती आणि मोजायचं राहून गेलं होतं ते रोज कानाशी बोलत होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती घाबरायचं विसरली.

काळी गाडी उजवीकडून सणसणत निघून गेली. युवराजला वीस सेकंद ठाऊक होते, पटही ठाऊक होता. पण पुढं वहिनीची गाडी, तिच्यात हेल्मेट घातलेली आई, आणि दोन्ही बाजूंना शिट्ट्या मारणारं गाव, एवढं झाल्यावर कुठल्या मर्दाचा पाय शब्दाला जागतो? तो वहिनीच्या चांगलाच आधी रेघेवर पोचला. खाली उतरून त्यानं दोन्ही हात वर केले. यंत्रावर त्याचे साडेअठरा आले होते. बाद. मागून साखराबाईंसकट मारुती डुलत आली. तेहेतीस, आणि वर एक बारीकसा तुकडा.

पुढच्या फेरीत नांदूरघाटच्या एका जीपवाल्यानं, आपण किती सेकंद सांगितले होते तेच विसरून, मधेच थांबून समितीला विचारलं, त्यामुळं सत्यशीला शेवटच्या फेरीत आली. तिथं तिची गाठ बजरंग नावाच्या गड्याच्या ट्रॅक्टरशी पडली. ट्रॅक्टरचा हातानं ओढायचा थ्रॉटल एका खुणेवर लावून बजरंगनं तंबाखू मळायला घेतली, ती मळून होईपर्यंत ट्रॅक्टर आपला आपण रेघेवर गेला. जेवढे सांगितले होते तेवढेच सेकंद, तुकडासुद्धा वर नाही. त्याला कुणी मागून हळू म्हणावं लागलं नाही. सत्यशीला हरली. गावात पुढं कितीतरी दिवस कुणी ना कुणी तिला थांबवून विचारत असे की ताई, ट्रॅक्टर म्होरं गेला म्हणं, आणि ती हो म्हणत असे. दुसरं बक्षीस पाठीवरचा फवारणी पंप होता. विजयसिंहदादांनी तो देताना फोटोसाठी साखराबाईंना मध्ये घेतलं, आणि त्यांनी हेल्मेट काढायला ठाम नकार दिला.

घरी आल्यावर अर्जुनराव दारात चपला काढत म्हणाले की पहिल्या दोनात म्हटलं होतं, दोनात आली. ट्रॅक्टरपुढं हरलं तर ते हरणं न्हाई. मग त्यांनी विचारलं की ती ज्वारी नेमकी कुणी दिली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सत्यशीला धनूला घेऊन रोज अंबाजोगाईला जाते, आणि मागच्या सीटवर साखराबाई जातात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या पदर खोचून आधीच बसलेल्या होत्या. सुंदरकाकूंनी हटकलं की सुनेवर एवढा भरवसा बसला, तर रोज कशाला जाता, तर त्या म्हणाल्या की गाडी हलकी झाली की पळते, माहीत न्हाई का तुमाला.

एका सकाळी त्यांचे गुडघे धरले. नाइलाजानं घरी राहिल्या. दारात उभ्या राहून त्यांनी गाडी वळेपर्यंत बघितलं आणि बाजेवर बसल्या. नवी बाज, मोडलेलीच्या जागी आणलेली. सत्यशीला पहिल्यांदाच धनूला एकटी घेऊन निघाली. हेच तर तिला हवं होतं. दार चार वेळा लावलं, काच दोन बोटं खाली. फाटा मागं पडला, मोकळा रस्ता आला. तिनं तिसरा टाकला, इंजिन गुणगुणलं, आणि तिचा पाय वाट बघत तसाच दबून राहिला. काटा चढत गेला. मागं काहीच आवाज नव्हता, आणि तिला कळेना की आता पाय उचलायचा कुणाच्या सांगण्यावरून.

मागच्या सीटवरून एक इवलासा हात तिच्या खांद्यापर्यंत पोचायची धडपड करत होता. पट्ट्यामुळं पोचत नव्हता.

"हलू गं बाई," धनू आजीच्या चालीत म्हणाली. "लेकलू हाय गालीत."